वाटेतली घरे

मुंबईची रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि पुढे या दोन शहरांमधला कौटुंबिक प्रवास बहुतांशी रात्रीचा झाला. संध्याकाळी मुंबईत गाडीत बसायचे, अंधार पडला की डबा उघडायचा, वरच्या बर्थवर कोण झोपणार यावरचे मुलांचे भांडण मिटवायचे आणि उजाडल्यावर नागपूरच्या फलाटावर उतरायचे. मधला महाराष्ट्र झोपेत निघून जायचा. अकोल्याला एखादी मावशी असली तर ती वेळीअवेळी फलाटावर यायची, खिडकीतून डबा आत द्यायची, अर्धवट जागे झालेल्या भाच्याच्या गालावरून हात फिरवायची, तोवर गाडी सुटायची. भुसावळ, अकोला, बडनेरा एवढी तरी नावे मुलांच्या कानावर पडत. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या गावांना तर आजही रेल्वे नाही. तिथले चुलते आणि आत्या लग्नाकार्यातच दिसायच्या.

समृद्धी महामार्गाने हा नकाशा बदलला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते ठाणे जिल्ह्यातील आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. सगळा मिळून ७०१ किलोमीटरचा हा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो. जुना राष्ट्रीय महामार्ग धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असा उत्तरेकडून जाई. हा नवा रस्ता दक्षिणेकडून, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा अशा गावांजवळून काढला आहे. रेल्वेने ज्या नातेवाइकांना बाजूला ठेवले होते, नेमक्या त्यांच्याच दारापाशी तो येतो.

आठ तासांत नागपूर, असे या रस्त्याचे कौतुक होते. एकट्या माणसाला कामासाठी जायचे असेल तर ते खरेच मोलाचे आहे. पण मुलांना घेऊन, नातेवाइकांना भेटायला निघालेल्या कुटुंबाने आठ तासांच्या मागे लागू नये असे मला अगदी मनापासून वाटते. रस्त्याने वाचवलेले तास मधल्या घरांना द्यावेत. शक्य असेल तर तीन दिवस घ्यावेत.

प्रवासाची आखणी नकाशावरून न करता घरांच्या यादीवरून सुरू करावी. नाशिकला कोण, संभाजीनगरला कोण, जालन्यात, मेहकरात, वर्ध्यात कोण, हे आधी लिहून काढावे. यादी करायला घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला बसवावे, कारण आपल्याला आठवतात त्याच्या दुप्पट नावे त्यांच्याकडे असतात. मग छाटणी. दिवसाला जेवणाचे एक घर आणि चहाचे एक घर, याहून जास्त नको. मुलांना तिसऱ्या घरात पाय ठेवला की कंटाळा येतो, आणि तिसऱ्या घरातल्या माणसांच्या वाट्याला मग रडणारी मुले आणि घड्याळाकडे पाहणारे पाहुणे येतात. ज्यांच्याकडे जाणे जमणार नाही त्यांना आधीच फोन करून तसे सांगावे. गावावरून गाडी गेल्याचे कुठून ना कुठून कळतेच, आणि ‘दारावरून गेलात, आत आला नाहीत’ हा सल वर्षानुवर्षे राहतो.

वेळ सांगताना खरी सांगावी. दुपारी जेवायला येतो म्हणून सांगितले की त्या घरातली बाई सकाळपासून राबते. आपण तीनला पोहोचलो तर पोळ्या गार झालेल्या असतात आणि तिचाही उपास घडलेला असतो. मुलांना बाराला भूक लागते हे लक्षात घेऊन निघण्याची वेळ ठरवावी. तिखटाचेही आधीच मोकळेपणाने सांगावे. वऱ्हाडात आणि नागपूरकडे पाहुण्यासाठी झणझणीत रस्सा करणे हा मान असतो, पण मुंबईच्या सहा वर्षांच्या पोराला तो झेपत नाही. ‘पोरांना वरण-भात चालेल’ असे फोनवर सांगितले तर कोणी रागावत नाही. ऐनवेळी ताट बाजूला सारलेले मात्र मनाला लागते. गोळाभात, पाटोडी किंवा कढीतले गोळे हे पदार्थ मुलांना आवडतात, तेही सांगून ठेवता येते. आणि जेवण झाल्यावर भांडी उचलायला आपण उठावे, मुलांनाही उठवावे. पाहुणचार घेण्याची ही बाजू मुले पाहूनच शिकतात.

आता गाडीविषयी. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीचे खास आसन न लावता गाडी चालवली तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम किरकोळ आहे, कारण मात्र तसे नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाची टक्कर ही सुमारे ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे तेराव्या मजल्यावरून पडण्याइतकी असते. त्या क्षणी मांडीवरचे बाळ कोणत्याही आईला किंवा आजोबांना हातांनी धरून ठेवता येत नाही. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलेल्या बाळाला तर उघडणारी एअरबॅगच इजा करते. तान्ह्या बाळाचे आसन मागच्या सीटवर, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल असे बसवावे. सात-आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा गळ्यावर येतो, म्हणून त्याला उंची देणारी बैठक लागते. ‘आजीच्या मांडीवर बसू दे, थोडेच तर जायचे आहे’ हा आग्रह नातेवाइकांकडून हमखास होतो, विशेषतः एका घरून दुसऱ्या घरी जाताना आत्या-काका गाडीत बसतात तेव्हा. इथे चालवणाऱ्याने ठाम राहावे. दोन फेऱ्या कराव्या लागल्या तरी चालतील.

समृद्धीवर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. मागच्या सीटवर मुलांचे भांडण पेटले आणि चालवणाऱ्याने दोन सेकंद मागे वळून पाहिले, तर ६६ मीटर अंतर न पाहता कापले गेले. म्हणून मुलांकडे पाहण्याचे काम चालवणाऱ्याचे नसते. दुसरे मोठे माणूस मागे मुलांजवळ बसावे. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू सुस्तावतो, तोही धोका आहेच. दोन तासांनी थांबणे मुलांइतकेच चालवणाऱ्याच्याही गरजेचे आहे. या महामार्गावर कडेला वाटेल तिथे गाडी उभी करता येत नाही आणि करूही नये, मग मुलाला कितीही घाईची लागली असली तरी. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर, लागलेली असो वा नसो, सगळ्यांनी जाऊन यायचे हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा. या रस्त्यावरून बाहेर पडायचे तर माळीवाडा, सावंगी, मेहकर, कारंजा, येळाकेळी असे ठरावीक इंटरचेंज आहेत. आपले नातेवाईक यांपैकी कशाच्या जवळ आहेत हे आधी पाहिले की निम्मी आखणी होऊन जाते.

गाडी लागण्याचे कारण पोटात नसते. शरीराचा तोल कळवणारा अवयव आतल्या कानात असतो. तो ‘आपण हलतो आहोत’ असे सांगतो, आणि पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये खिळलेले डोळे ‘सगळे स्थिर आहे’ असे सांगतात. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही. शाळेत जाणाऱ्या वयात त्रास सगळ्यात जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होतो. उपाय त्यातूनच निघतो. मुलाला समोरच्या काचेतून दूरचे दिसेल असे बसवावे, मोबाइल हातातून काढून घ्यावा, खिडकी थोडी उघडावी. रिकाम्या पोटी निघू नये आणि तळलेले भरपेट खाऊनही नाही. दुधात मळलेली दशमी, केळे, कोरडे चिरमुरे असे काही थोडे थोडे द्यावे. औषध द्यायचेच असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी. कसाऱ्याचा जुना घाट या त्रासासाठी प्रसिद्ध होता. आता इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा तो सगळा भाग काही मिनिटांत ओलांडून देतो.

सुट्टी मे महिन्यातली असेल तर आणखी एक गोष्ट. अकोला, वर्धा, नागपूर पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो. विदर्भातल्या शाळा याच उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढते, आणि मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापते. झोपले आहे म्हणून मुलाला गाडीत ठेवून ‘पाच मिनिटांत नमस्कार करून येतो’ असे कधीही करू नये. टायरमधली हवा पहाटे, टायर थंड असताना तपासावी. झिजलेले टायर घेऊन या रस्त्यावर जाऊच नये. निवड करता येत असेल तर मी दिवाळीची सुट्टी सुचवेन. हवा बरी असते, कापूस फुटलेला असतो, अमरावती-नागपूरकडे संत्री येऊ लागलेली असतात.

खिडकीबाहेर पाहायला मुलांना शिकवावे लागते, पण फार नाही. इगतपुरीला भातशेती असते, नाशिक जिल्ह्यात द्राक्षमळे आणि कांदा, कोपरगावकडे ऊस, जालन्याजवळ मोसंबीच्या बागा, बुलढाणा-वाशिममध्ये सोयाबीन, तूर आणि कपाशी. बाहेरचे पीक बदलले की सांगायचे, एवढाच खेळ पुरतो. या सगळ्याखाली जमीन एकच आहे: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून उसळलेल्या लाव्ह्याचा काळा खडक. नागपूरची सीताबर्डीची टेकडी ही या खडकाच्या पूर्वेकडच्या कडांपैकी एक. तिच्यापुढे त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात. म्हणजे मुंबईत सुरू झालेला लाव्ह्याचा पसारा नागपुरात संपतो. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यातून रस्ता जातो, तिथे प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून केलेली बांधकामे मुलांना दाखवावीत.

थांबून पाहण्यासारखे दोनच निवडायचे तर देवगिरी आणि लोणार. देवगिरी किल्ला माळीवाड्याहून जवळ आहे आणि त्यातली अंधारी वाट दहा वर्षांच्या मुलाला वर्षभर पुरते. लोणारला मेहकरहून जावे. बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेले हे विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, आत खारे पाणी. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. मेहकरचा कोणी मामेभाऊ बरोबर आला तर उत्तमच. त्याला ती जागा घरच्यासारखी ठाऊक असते, आणि मुलांना पाटीवरच्या माहितीपेक्षा त्याचे ऐकायला आवडते.

पण या प्रवासातला खरा ठेवा घरांमध्ये आहे. कुठल्याही खेळण्याने आणि कुठल्याही ॲपने तो मिळत नाही. हे जरा सविस्तर सांगतो.

हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आज एकाच राज्यात आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये मात्र त्यावरून जाणाऱ्याला तीन राज्ये ओलांडावी लागली असती. ठाणे, नाशिक आणि अहमदनगर मुंबई राज्यात होते. वैजापूरपासून जालन्यापर्यंतचा भाग हैदराबाद राज्यात होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथे निजामाची सत्ता होती. बुलढाण्यापासून नागपूरपर्यंतचा भाग मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे तिन्ही भाग द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. म्हणजे आज पंचाऐंशी-नव्वदीच्या घरात असलेल्या तीन आज्या, एक नाशिकची, एक जालन्याची, एक मेहकरची, तीन वेगवेगळ्या राज्यांत जन्मल्या आणि लहानपणी तीन वेगवेगळ्या कारभारांत वाढल्या. जालन्याच्या घरातल्या एखाद्या वृद्धाला अजून उर्दू वाचता येते, कारण निजामाच्या राज्यात कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. पाठ्यपुस्तकात हा इतिहास एका परिच्छेदात संपतो. तो त्या आजोबांच्या तोंडून, त्यांच्या ओसरीवर बसून ऐकला की मुलाला कळते की आपले घर त्या इतिहासातून आलेले आहे.

त्यासाठी मुलांच्या हाती थोडी तयारी द्यावी लागते. वृद्ध माणूस मुलाला ‘कितवीत आहेस’ विचारतो, मूल उत्तर देते आणि बोलणे तिथेच संपते. मुलाला विचारायला चांगले प्रश्न शिकवले तर संपत नाही. तुमच्या लग्नात वऱ्हाड कशातून आले? शाळेत काय शिकवायचे? पहिली एसटी गावात आली तेव्हा तुम्ही केवढे होतात? पाणी कुठून आणायचे? वऱ्हाड छकड्यांतून, दमणीतून की ट्रकच्या हौद्यातून आले, हे सांगताना आजोबांना वीस माणसे आठवतात. मुलांना प्रश्न पाठ करायला लावू नयेत. गाडीत सहज बोलता बोलता सुचवावेत. परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण ही माणसे पुढच्या सुट्टीपर्यंत असतीलच असे नाही.

दुसरी तयारी नात्यांची. विदर्भात किंवा मराठवाड्यात घरात शिरणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न येतो, ‘कोणाचा रे तू?’ त्याचे उत्तर स्वतःचे नाव सांगून देता येत नाही. आजोबांचे किंवा आजीच्या माहेरचे नाव सांगावे लागते. निघण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर मुलांनीच वंशवृक्ष काढावा, आईकडचा आणि वडिलांकडचा दोन्ही, आणि प्रत्येक घरी तो उघडून भर घालावी. चूक निघते, वाद होतो, कोणीतरी जुना फोटो काढते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात महाराष्ट्र मध्य विभागात ठेवला. उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या नात्यांच्या रीती इथे एकमेकींत मिसळतात. उत्तरेत भावंडांच्या मुलांची लग्ने निषिद्ध, दक्षिणेत भाऊ-बहिणीच्या मुलांची हौसेने होत. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी चालत असे, आत्याची मात्र नाही. मेहकरच्या वंशवृक्षात एकच नाव दोन ठिकाणी सापडले तर त्यामागे बहुधा हीच रीत असते, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ती समजावून सांगता येते.

बोलीबद्दल मुलांना आधी सांगावे. वर्धा नदी ओलांडेपर्यंत आणि नंतरही ‘मले’, ‘तुले’ ऐकू येईल. जालन्याच्या बोलण्यात दखनीचे शब्द येतील. नागपूरकर मध्येच हिंदीत शिरतील. मुंबईची मुले हसली तर तिकडची भावंडे गप्प होतात आणि मग तासभर कोणी कोणाशी बोलत नाही. मी पाहिले आहे की ज्या घरात आई-वडील स्वतः तिथे पोहोचल्यावर आपल्या लहानपणच्या बोलीत बोलू लागतात, तिथे मुलेही दुसऱ्या दिवशी ती उचलतात.

आणि एक अवघड पण आवश्यक गोष्ट. नातेवाइकांच्या घरी मुलाला मांडीवर ओढणे, पापे घेणे हे प्रेमानेच होते. पण मूल मागे सरकत असेल तर त्याला पुढे ढकलू नये. हात जोडून किंवा वाकून केलेला नमस्कार पुरेसा आदर आहे, आणि हे आई-वडिलांनी हसत पण स्पष्ट सांगावे. भरल्या घरात रात्री कोण कुठे झोपणार हेही पालकांनी ठरवावे. मुले आपल्याजवळ किंवा आपल्या नजरेत असावीत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत आरोपी बहुतांश वेळा ओळखीतला असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. यामुळे कोणावर संशय घेत फिरायचे नसते. ‘काही नको वाटले तर लगेच मला सांग, मी रागावणार नाही’ एवढे मुलाला निघण्याआधी सांगितले की तेही मोकळे राहते आणि आपणही.

निघताना प्रत्येक घरी थोडा वेळ राखून ठेवावा. हातावर दही, आईची ओटी, मुलांच्या मुठीत खाऊचे पैसे, डिकीत तुरीची डाळ आणि सांडगे. हे सगळे घाईत उरकले तर घरच्यांना वाईट वाटते. मुलांना मिळालेल्या पैशांचे काय करायचे ते मुलांना ठरवू द्यावे. आपणही रिकाम्या हाताने जाऊ नये, पण मिठाईच्या खोक्यांपेक्षा त्या घराला उपयोगी पडेल असे काही, किंवा आधीच्या घराहून आणलेले काही न्यावे: नाशिकची द्राक्षे जालन्याला, जालन्याची मोसंबी वर्ध्याला. पुढच्या घरी जाऊन ‘हे तुमच्या आतेभावाने पाठवले’ म्हटले की एकमेकांशी वर्षानुवर्षे न बोललेली दोन घरे त्याच संध्याकाळी फोनवर बोलतात.

परतीच्या वाटेवर मात्र सगळी घरे पुन्हा घेऊ नयेत. मुले दमलेली असतात, शाळा तोंडावर असते. नागपूरहून, समृद्धी जिथे सुरू होतो त्या शिवमडक्यावरून पहाटे निघावे, वर्ध्याजवळ बाहेर पडून सेवाग्रामची बापू कुटी पाहावी, आणि मग रात्रीपर्यंत मुंबई, किंवा थकवा वाटला तर संभाजीनगरला एक मुक्काम. घरी पोहोचल्यावर फोन मुलांनीच करावेत, प्रत्येक घरी वेगळा. त्यात पुढच्या सुट्टीचे आमंत्रण असावे, आणि ते खरे असावे. मुंबईच्या दोन खोल्यांत मेहकरची चार माणसे कशी झोपतील हे मेहकरच्या माणसांनाही ठाऊक असते. बाहेरच्या खोलीत गाद्या घालायच्या, मुलांनी ओळीने झोपायचे. त्यांना समुद्र पाहायचा असतो, आणि आपल्या मुलांना या वेळी वाट दाखवायची असते.